कुटुंबाची पहिली क्रूझ: ठरवण्यापासून उतरण्यापर्यंत

क्रूझची जाहिरात पाहिली की डोळ्यांसमोर आधी जहाज येतं: स्विमिंग पूल, रोषणाई, दहा-अकरा मजले. घरच्या सगळ्यांना घेऊन जायचं असेल तर विचाराची सुरुवात मात्र घरातल्या माणसांपासून करा. आजीचे गुडघे, आजोबांची इन्सुलिन, तीन वर्षांच्या नातवाची दुपारची झोप आणि कॉलेजात जाणाऱ्या पोराचा कंटाळा, या सगळ्यांना झेपेल असा मार्ग आणि अशी केबिन, म्हणजे जहाजावरची राहायची खोली, मिळाली की सहल जमली. जहाज थोडं जुनं असलं, पूल थोडा लहान असला तरी चालतं. केबिन चुकली किंवा मार्ग चुकला तर महागातलं महाग जहाजही ती कसर भरून काढत नाही.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणं दोन घेतली आहेत. एक म्हणजे मुंबईहून निघणारी देशांतर्गत क्रूझ आणि दुसरी सिंगापूरहून निघणारी. महाराष्ट्रातली पुष्कळ कुटुंबं पहिल्या खेपेला या दोहोंतलीच एक निवडतात.

आधी घरातल्यांची यादी करा

कागदावर प्रत्येकाचं नाव, वय आणि अडचण लिहा. बुकिंग होईल की नाही, हे या यादीवरच ठरतं.

बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला जहाजावर घेत नाहीत. सलग बरेच दिवस समुद्रातच असणाऱ्या लांबच्या सफरींना ही अट बारा महिन्यांची असते. गर्भवतींसाठी साधारण चोविसाव्या आठवड्याची मर्यादा असते. ती सफर संपण्याच्या तारखेला मोजली जाते आणि डॉक्टरांचं पत्रही मागतात. आज अठरावा आठवडा आहे आणि सहल दोन महिन्यांनी आहे, तर हिशोब आत्ताच करा. मुलांच्या क्लबात बहुधा तीन वर्षांपासून पुढची, लंगोट सुटलेली मुलं घेतात. डायपरमधल्या बाळांना मोठ्या पूलमध्ये उतरू देत नाहीत, म्हणून दीड वर्षाच्या बाळासाठी पाच-सहा घसरगुंड्यांचं जहाज निवडण्यात अर्थ नाही.

ज्येष्ठांच्या बाबतीत एक प्रश्न स्पष्ट विचारा: सलग पाचशे-सातशे पावलं चालवतं का? जहाज लांबच लांब असतं. केबिनपासून जेवणाच्या हॉलपर्यंत जायलाच एवढी चाल होते आणि दिवसातून ती चार वेळा करावी लागते. चालवत नसेल तर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगा. व्हीलचेअर आत जाईल एवढ्या रुंद दाराच्या केबिन प्रत्येक जहाजावर थोड्याच असतात आणि त्या सगळ्यात आधी संपतात.

महिना निवडा

मुंबईहून क्रूझचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे त्या महिन्यांत जहाज पूर्व किनाऱ्यावर चेन्नईकडे हलवलं जातं आणि तिथून श्रीलंकेच्या फेऱ्या करतं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर कोळी बांधवांच्या होड्या पाण्यात जातात खऱ्या, पण बोटीची सवय नसलेल्या कुटुंबाने तेवढी घाई करू नये. ऑगस्ट-सप्टेंबरात लाटांचा जोर पुरता उतरलेला नसतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. समुद्र शांत, हवा कोरडी, डेकवर दुपारीही बसता येतं. अडचण भाड्याची आहे. दिवाळीची सुट्टी आणि नाताळचा आठवडा, या दोन्ही वेळी भाडं सर्वात चढं असतं आणि गर्दीही तेवढीच. शाळेतून दोन दिवस सुट्टी काढता येत असेल तर जानेवारीतल्या आठवड्याच्या मधल्या फेऱ्या पाहा. मे महिन्यात जाणारच असाल तर पहिला पंधरवडा बरा, नंतर समुद्र फुगायला लागतो.

आठवड्यातला वारही महत्त्वाचा. शुक्रवारी निघून रविवारी परतणाऱ्या फेरीत मित्रमंडळींचे घोळके आणि बॅचलर पार्ट्या जास्त असतात. डेकवरचं संगीत रात्री उशिरापर्यंत चालतं. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर सोमवार ते गुरुवार या दिवसांतली फेरी घ्या. तेच जहाज, तेच जेवण, पण लिफ्टसाठी ताटकळावं लागत नाही.

मार्ग: इथे घाई करू नका

मुंबईहून जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली बांधलेलं आहे. पूर्वी ते रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होतं आणि सप्टेंबर २०२१पासून मुंबईहून फेऱ्या करू लागलं. लांबी सुमारे २१० मीटर, केबिन सुमारे ८००. आजच्या जागतिक मापाने हे जहाज मध्यमच, आणि पहिल्या खेपेसाठी ही मला चांगली गोष्ट वाटते. मुलं हरवत नाहीत आणि आजीला एका दिवसात रस्ते पाठ होतात.

मुंबईहून साधारण तीन प्रकारच्या सफरी मिळतात.

पहिली, दोन रात्रींची, ज्यात जहाज समुद्रात फिरून परत मुंबईलाच येतं. जाहिरातीत मार्गाच्या रकान्यात ‘अॅट सी’ किंवा ‘हाय सी’ लिहिलेलं असतं, म्हणजे कुठेही उतरायचं नाही. बोट सोसते की नाही हे पाहायला ही ठीक, पण मुलांना समुद्रकिनारा दाखवण्याचं कबूल केलं असेल तर ही घेऊ नका.

दुसरी, गोव्याची. गोव्यात जहाज मुरगाव बंदरात, म्हणजे वास्कोजवळ धक्क्याला लागतं. हा मुद्दा नकाशावर नीट पाहून घ्या. कलंगुट-बागा तिथून लांब आहे. हाती सहा-सात तास असताना तिकडे गेलात तर दिवस टॅक्सीतच जाईल. लहान मुलं असतील तर बोगमाळोचा किनारा जवळ आहे, तिथे दोन तास पाण्यात घालवून दुपारी जहाजावर परत येणं सोपं. मराठी घरांतल्या पुष्कळांची कुलदैवतं फोंड्याच्या बाजूला आहेत: मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा. आजी-आजोबांना दर्शन घ्यायचं असेल तर तेवढंच करा. झुआरीच्या पुलावरून तास-सव्वा तासात तिथे पोचता येतं. दर्शन, तिथेच जेवण, परत. एका दिवसात देऊळही आणि बीचही असा बेत आखला की दोन्हीकडे घड्याळ पाहण्यातच वेळ जातो.

तिसरी, लक्षद्वीपची, चार-पाच रात्रींची. सगळ्यात सुंदर हीच, आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर सगळ्यात जास्त विचारपूर्वक घ्यावी अशीही हीच. कारण लक्षद्वीपच्या बेटांवर एवढ्या मोठ्या जहाजासाठी धक्का नाही. जहाज खोल पाण्यात थांबतं आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. कोकणात पूर्वी आगबोट बंदरात उभी राहायची आणि माणसं पडावात उतरायची, तोच प्रकार. जहाजाच्या पोटात पाण्यालगत एक दार उघडतं. बाहेर बोट उभी असते, ती लाटेबरोबर हात-दीड हात वर येते, खाली जाते. दोन्ही बाजूंना खलाशी उभे असतात. ते तुमचा दंड कोपराजवळ धरतात, बोट वर आली की ‘आता’ म्हणतात आणि त्या क्षणी पाऊल टाकायचं असतं. ज्याचं पाऊल पटकन उचलतं त्याला यात काहीच अवघड नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या किंवा तोल जाणाऱ्या माणसाला मात्र हे जड जातं आणि व्हीलचेअर बोटीत नेऊ देत नाहीत. मग ते माणूस दिवसभर जहाजावर एकटं राहतं. घरातलं कोणी त्यांच्याबरोबर थांबायला तयार आहे का, हे आधीच बोलून घ्या.

लक्षद्वीपला जायला परवाना लागतो. तो कंपनी काढून देते, पण त्यासाठी कागदपत्रं वेळेत द्यावी लागतात, म्हणून ऐनवेळी माणूस बदलता येत नाही. समुद्राला उधाण असेल तर लहान बोटी सोडत नाहीत आणि बेटाचा थांबा रद्द होतो. तसं करायचा अधिकार कंपनीच्या करारात लिहिलेला असतो आणि पूर्ण पैसे परत मिळत नाहीत. मुलांना ‘जमलं तर बेटावर उतरू’ असंच सांगा. आणि हेही सांगा की तिथलं प्रवाळ खिशात घालून आणायचं नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे आणि किनाऱ्यावर पडलेला तुकडा उचलणंही महागात पडू शकतं.

सिंगापूरची गोष्ट वेगळी. तिथली जहाजं प्रचंड असतात. ‘गेंटिंग ड्रीम’ हे २०१६ सालचं जहाज सुमारे ३३५ मीटर लांब आहे आणि त्यात सोळाशेहून अधिक केबिन आहेत. त्यावर भारतीय प्रवासी इतके असतात की भारतीय शाकाहारी जेवणाची वेगळी सोय ठेवलेली आहे. रॉयल कॅरिबियनची मोठी जहाजंही हंगामाप्रमाणे तिथून निघतात. मार्ग बहुधा मलेशियातलं पेनांग किंवा पोर्ट क्लांग आणि थायलंडमधलं फुकेत. मलाक्काच्या सामुद्रधुनीत पाणी तुलनेने शांत असतं, त्यामुळे बोट लागण्याची भीती कमी. दहा ते सोळा वयाची मुलं घरात असतील तर त्यांचा कौल सिंगापूरलाच पडणार, आणि तो रास्त आहे: घसरगुंड्या, दोरावरच्या कसरती, भिंत चढणं, सगळं एका ठिकाणी. पण विमान, व्हिसा, हॉटेलची एक रात्र हे सगळं धरलं की खर्च मुंबईच्या सफरीच्या कितीतरी पट होतो. माझं मत विचाराल तर पहिली सफर मुंबईहून, तीन रात्रींची, गोव्याचा थांबा असलेली घ्या. घरात कोणाला बोट सोसते, कोणाला बंद जागेत गुदमरतं, हे कळल्यावर सिंगापूरचा विचार करा.

केबिन

केबिनचे ढोबळ प्रकार चार: आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि स्वीट, म्हणजे सगळ्यात मोठी आणि महाग. आतल्या केबिनला खिडकी नसते, दिवा मालवला की भरदुपारीही मिट्ट काळोख. काहींना त्यात छान झोप लागते. ज्यांना लिफ्टमध्येही घाबरल्यासारखं होतं त्यांना मात्र तिथे ठेवू नका. ‘एम्प्रेस’ जुन्या घडणीचं असल्याने त्यावर बाल्कनीच्या केबिन मोजक्याच आहेत आणि महाग आहेत. तिथे खिडकीची केबिन हा मधला, चांगला मार्ग. सिंगापूरच्या नव्या जहाजांवर बाल्कन्या भरपूर असतात आणि भाड्यातला फरकही कधी कधी फार नसतो.

‘चार जणांची केबिन’ याचा अर्थ नीट समजून घ्या. खाली दोन पलंग असतात, ते जोडून डबल करता येतात. उरलेले दोन पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायचे बंक असतात, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखे, आणि त्यावर छोट्या शिडीने चढायचं असतं. रात्री बंक उघडले की खाली बसलेल्या माणसाला वाकून बसावं लागतं, आणि बॅगा पलंगाखाली सरकवल्याशिवाय चालायला जागा उरत नाही. बाथरूम एक, तेही विमानातल्यापेक्षा थोडंसंच मोठं. दोन मुलं आणि आईवडील असतील तर तीन रात्री यात मजेत जातात. चार मोठी माणसं असतील तर दोन केबिन घ्या. वरच्या बंकवर सहा वर्षांखालचं मूल झोपवू नका. तसंच साठीपुढच्या कोणाला ‘एकच रात्र तर आहे’ म्हणून वर चढवू नका.

तीन पिढ्यांचं कुटुंब असेल तर दोन केबिनमध्ये आतून दार असलेली जोडी मागा. नुसतं ‘शेजारशेजारची केबिन’ म्हटलं तर आतलं दार मिळत नाही, म्हणून एजंटला ‘कनेक्टिंग’ हाच शब्द सांगा आणि बुकिंगच्या कागदावर केबिन क्रमांक लिहून घ्या. स्वस्त भाड्यात अनेकदा क्रमांक कंपनी ठरवते. मग आजी चौथ्या डेकला, म्हणजे मजल्याला, पुढच्या टोकाला आणि तुम्ही नवव्या डेकला मागे, असंही होतं. क्रमांक निवडण्याचे थोडे जास्त पैसे मागितले तरी ते द्या.

जागा निवडताना जहाजाचा नकाशा उघडा. लांबीच्या मधोमध आणि खालच्या डेकवर हेलकावे सर्वात कमी जाणवतात. केबिनच्या वर आणि खालीही केबिनच असाव्यात. वर पूलचा डेक आला तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, खाली थिएटर आलं तर रात्री ढोल. आजी-आजोबांची केबिन लिफ्टपासून चार-पाच दारांच्या आत घ्या, अगदी लिफ्टला लागून नको.

पैशांचा हिशोब

जाहिरातीतला आकडा म्हणजे एका केबिनमध्ये दोघे धरून, दर माणशी भाडं. त्यावर बंदर शुल्क, कर आणि सेवा शुल्क वेगळं येतं. तिसऱ्या-चौथ्या माणसाला भाडं कमी असतं, मुलांना काही फेऱ्यांत भाडं माफही असतं, पण बंदर शुल्क आणि कर त्यांनाही लागतात. एकटं माणूस एका केबिनमध्ये राहिलं तर त्याला जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. म्हणून आजोबा नसलेल्या आजीसाठी वेगळी केबिन घेण्यापेक्षा मोठी नात त्यांच्याबरोबर ठेवा.

सेवा शुल्काकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांत हा आकार दर माणशी, दर दिवशी साधारण सोळा ते वीस अमेरिकी डॉलर असतो आणि तो मुलांनाही लागतो. अठरा डॉलर धरले तर सहा माणसं, तीन रात्री, असे ३२४ डॉलर झाले. हे बुकिंगच्या वेळीच भरता येतात की शेवटी बिलात येतील, ते विचारून ठेवा.

भाड्यात काय येतं? केबिन, मुख्य हॉलमधलं आणि बुफेचं जेवण, थिएटरमधले बहुतेक कार्यक्रम, पूल, जिम. काय येत नाही? दारू आणि बाटलीबंद पेयं, खास रेस्टॉरंट, स्पा, इंटरनेट, फोटो, बंदरावरच्या सहली, डॉक्टर. जहाजावर रोख चालत नाही. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं, तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पैशांचं पाकीट. मुलांच्या कार्डावरची खरेदीची सोय पहिल्याच दिवशी काउंटरवर बंद करून घ्या, नाहीतर गेमिंग झोनमध्ये पोरं दर दहा मिनिटांनी कार्ड लावत राहतात.

परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून आधीच वसूल करून सरकारात भरायचा कर, घेतला जातो. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करता येतो, त्यामुळे ज्यांच्या नावावर रिटर्न भरलं जातं त्यांच्याच पॅनवर बुकिंग करा.

कागदपत्रं

मुंबई-गोवा-लक्षद्वीपसाठी भारतीयांना पासपोर्ट लागत नाही. सरकारी फोटो ओळखपत्र मूळ स्वरूपात लागतं, मुलांसाठी आधार किंवा जन्मदाखला. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे लग्नानंतर बदललेलं नाव आणि वडिलांचं मधलं नाव यांमुळे इथेच घोळ होतात. परदेशात राहणारे नातेवाईक येणार असतील आणि त्यांचा पासपोर्ट परदेशी असेल तर त्यांनी पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) किंवा व्हिसा बरोबर ठेवावा. त्यांच्यासाठी लक्षद्वीपच्या परवान्याचे नियम वेगळे आहेत.

सिंगापूरहून जाताना व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, ते पाहा. जहाज सिंगापूर सोडून जातं आणि परत येतं, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा प्रवेश करता. मलेशिया-थायलंडचे भारतीयांसाठीचे नियम गेल्या काही वर्षांत सैल झाले आहेत, पण ते बदलत असतात. मलेशिया आणि सिंगापूर दोन्हीकडे आगमनाचं डिजिटल कार्ड आधी भरावं लागतं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे किमान सहा महिने असावी. सिंगापूरला जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच पोचा. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही.

प्रवास विमा घेताना त्यात क्रूझ धरली आहे का, आणि समुद्रातून रुग्णाला किनाऱ्यावर आणण्याचा खर्च मिळतो का, हे दोनच प्रश्न विचारा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी खासगी रुग्णालयासारखी असते आणि बिल कार्डावर चढतं.

बोट लागणं

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोट लागू शकते, नेहमीच लागते असं नाही. भाऊच्या धक्क्यावरून निघणाऱ्या जुन्या कोकण बोटींचा अनुभव असलेली मंडळी घाबरवतील, पण आजच्या जहाजांना दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंख असतात, ते डोलणं पुष्कळ कमी करतात. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः लहान मुलं, रक्तदाबाचे रुग्ण आणि गर्भवती यांच्यासाठी. ती मळमळ सुरू होण्याआधी, जहाज निघायच्या तासभर आधी घेतली तर उपयोग होतो. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. आलेपाकाच्या वड्या खिशात असू द्या. पोट पूर्ण रिकामं ठेवू नका आणि गच्चही भरू नका. मळमळायला लागलं की केबिनमध्ये पडून मोबाइल बघण्यापेक्षा उघड्या डेकवर, जहाजाच्या मधोमध बसून दूर क्षितिजाकडे पाहावं.

सामान

हातातली बॅग वेगळी भरा. मोठ्या बॅगांना धक्क्यावरच टॅग लावून त्या आत पाठवतात आणि केबिनच्या दाराशी यायला तीन-चार तास लागू शकतात. औषधं, कागदपत्रं, बाळाचं दूध, पोहण्याचे कपडे आणि एक जोड हातातल्या बॅगेत हवेत. मुलं आत गेल्या गेल्या पूल मागणार, आणि तेव्हा कपडे कुठेतरी जहाजाच्या पोटात असणार.

इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, पाणी तापवायची रॉड, मेणबत्ती, अगरबत्ती, निरांजन यांतलं काहीही नेऊ देत नाहीत. जहाजावर आगीएवढी भीती कशाचीच नसते. रोजची पूजा करणाऱ्या आजींना हे घरीच समजावून सांगा, तपासणीच्या रांगेत नको. बाहेरचं शिजवलेलं अन्नही आत नेता येत नाही, बाळाच्या अन्नाला सूट असते. लाडू-चिवड्याबद्दल प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा आहे, विचारूनच डबा भरा. जैन जेवण किंवा कांदा-लसूण नको असेल तर बुकिंगच्या वेळी लिहून द्या. एकादशी-चतुर्थी मध्ये येत असेल तर फळं, दूध, दही एवढ्यावर भागवायची तयारी ठेवा. परदेशी जहाजांच्या शौचालयात जेट स्प्रे नसतो, तेव्हा घडीचा मग न विसरता घ्या. जेवणाच्या हॉलमध्ये एसी कडक असतो, त्यामुळे आजीची शाल आणि मुलांचे पातळ स्वेटर भर मे महिन्यातही लागतात.

जहाजावरचा पहिला दिवस

मुंबईत जहाज बॅलार्ड पिअरहून सुटतं. सीएसएमटी स्टेशन जवळ आहे, पण बंदराच्या हद्दीत कोणत्या गेटने शिरायचं ते तिकिटावर पाहून टॅक्सीवाल्याला सांगा. चेक-इनची दिलेली वेळ पाळा. जहाज सुटण्याच्या बरंच आधी दरवाजे बंद होतात.

आत गेल्यावर सुरक्षिततेची कवायत होते, ती कोणीही चुकवू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज खडकावर आदळून ३२ जणांचा जीव गेला. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला आणि आता जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी कवायत घ्यावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा ही धोक्याची खूण मुलांकडून पाठ करून घ्या. आपला जमायचा डेक कोणता, तिथे केबिनपासून जिन्याने कसं जायचं, हे सगळ्यांनी एकदा चालून पाहा. धोक्याच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. लहान मुलांच्या मापाची जॅकेट केबिनमध्ये नसतील तर त्याच वेळी मागून घ्या.

मग सगळ्यांचे मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. किनारा सुटला की जहाजाचं स्वतःचं उपग्रहावर चालणारं नेटवर्क फोनला मिळतं, आणि फोन नकळत त्याला जोडला गेला तर बिल हजारांत येतं. घरातल्या घरात शोधाशोध होऊ नये म्हणून ठिकाण आणि वेळा ठरवा, उदाहरणार्थ दुपारी एक आणि संध्याकाळी सात, बुफेच्या दाराशी. बुफेआधी साबणाने हात धुण्याची सक्ती करा. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो आणि त्यावर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही. बाल्कनी असेल तर तिथली खुर्ची कठड्यापासून लांब ठेवा आणि लहान मुलाला तिथे एक मिनिटही एकटं सोडू नका.

निघताना सगळे वरच्या डेकवर जा. हवा स्वच्छ असेल तर बंदरातून बाहेर पडल्यावर डाव्या हाताला खांदेरी-उंदेरी दिसतात. खांदेरीचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७९ साली बांधायला घेतला आणि २०२५मध्ये तो युनेस्कोच्या यादीत आला. मुलांना हे दाखवायला आजोबांपेक्षा योग्य माणूस नाही. त्यापुढे जहाज किनाऱ्यापासून लांबून जातं, विजयदुर्ग-सिंधुदुर्ग दिसतील अशी आशा ठेवू नका.

उतरताना

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी सकाळचे कपडे, चपला आणि औषधं बाजूला काढून ठेवा. बिल त्याच रात्री, जेवणानंतर तपासा. सकाळी काउंटरवर लांब रांग असते आणि न घेतलेल्या पेयाचा आकडा कमी करून घ्यायला तेव्हा वेळ नसतो. दर केबिनची पावती मागा, कार्डावर कोणी काय घेतलं ते त्यात तारीखवार असतं.

सगळ्यांना एकदम उतरवत नाहीत, डेकप्रमाणे किंवा टॅगच्या रंगाप्रमाणे बोलावतात. जहाज सकाळी धक्क्याला लागलं तरी सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. पुण्या-नाशिकच्या मंडळींनी परतीची गाडी दुपारनंतरचीच काढावी. विमान असेल तर तेही दुपारनंतरचंच, आणि आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर हवी असेल तर ती आदल्या दिवशीच जहाजाच्या काउंटरवर नोंदवून ठेवावी.